रोह्याचे संशयी गणपती

पुस्तक चांगलं की पिक्चर, हा वाद कुठं सुरू झाला की मी पाणी प्यायला उठतो. लोकांना वाटतं, ह्याला वाङ्मयात गती नाही. वाटू दे. गती होती म्हणूनच तर घोटाळा झाला. त्या वादापायी एकदा ट्रकभर गणपती रोह्याहून पेणला परत यायच्या बेतात होते. गेलेले गणपती चतुर्थीच्या आधीच माघारी येणं म्हणजे काय, हे ज्याच्या मामाचा पेणमध्ये कारखाना आहे त्यालाच कळेल.

मामाचा कारखाना गणपतीचा. पेणमध्ये तेव्हा कारखाना म्हटलं की दुसरा अर्थ निघत नसे. शेजारच्या डोलवीला खाऱ्या पाण्याची खाजणं आणि बगळे होते. कंपनी, शिफ्ट हे शब्द अजून तिकडे पोचायचे होते. रोह्यापर्यंत आगगाडीही पोचायची होती. मी मात्र बी. ए.ला आपटून मामाकडे पोचलो होतो. "तुझ्याकडे राहिला तर हाताला काही वळण लागेल," असं आईनं मामाला सांगितलं होतं. आल्या आल्या मी सोंडेचं वळण जवळून पाहायला वाकलो आणि मागच्या फळीवर वाळत ठेवलेल्या उंदरांच्या रांगेवर बसलो. मग मला रंगाकडे हलवलं. तिथं मी अंगाचा गुलाबी पितांबराला आणि पितांबराचा पिवळा अंगाला फासला. मामा म्हणाला, "बाप्पाला कावीळ झाली आणि धोतराला लाज वाटली." शेवटी हातात फक्त झाडू उरला. त्या झाडूचा दांडा खिडकीतल्या ट्रान्झिस्टरला लागला आणि तो गाणं म्हणत म्हणत शाडूच्या बादलीत गेला. शेवटचं कडवं आम्ही बुडबुड्यांतून ऐकलं.

कारखान्यात दिवसभर माना खाली घालून काम चालतं. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले. कान तेवढे रिकामे. रेडिओ गेल्यावर माणसं एकमेकांशी बोलायला लागली आणि दुपारपर्यंत भांडायला लागली. मामा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"रेडिओ तू बुडवलास ना? मग आता तू वाज."

गाता येत नव्हतं. म्हणून मी वाचनालयातून एक कादंबरी आणली आणि मधल्या खांबाला टेकून वाचायला बसलो. आमच्या आजोबांच्या पिढीनं हाताळून हाताळून गुळगुळीत केलेली मराठी रहस्यकादंबरी. नाव सांगत नाही. पुढं तिचा शेवट सांगणार आहे, तेव्हा नाव न सांगितलेलंच बरं. घाटावरच्या एका बंगल्यात म्हातारे निवृत्त न्यायाधीश संध्याकाळचं दूध पिऊन मरतात. घरात त्यांचा उधळ्या पुतण्या, मुनीम, आचारी, रोज येणारा डॉक्टर आणि न्यायाधीशांची विधवा बहीण. शोध लावतो एक दमेकरी वकील. कुणाला काही विचारायच्या आधी हा "बसू का?" म्हणून परवानगी मागतो, आणि बहुतेक वेळ स्वयंपाकघरात पाटावर बसून काढतो.

मला एक वाईट खोड आहे. कुठलंही पुस्तक मी शेवटच्या पानापासून उघडतो. त्यामुळे खून बहिणीनं केला हे मला वाचनालयाच्या पायऱ्यांवरच कळलं होतं. आणि दुसरी खोड त्याहून वाईट: कळलेलं पोटात राहत नाही. त्या पावसाळ्यात मी पोटात जिवंत खेकडा घेऊन फिरत होतो.

ऐकणाऱ्यांत मुख्य माणूस म्हणजे आखणीकाका. गणपतीचं बाकी सगळं कुणीही करतं. साच्यातून काढणं, हात जोडणं, घासणं, रंगवणं. डोळे मात्र शेवटी, आणि ते एकाच हाताचे. त्याला आखणी म्हणतात. आखणी होईपर्यंत फळीवर बसलेली असते ती माती. झाली की माणसं तिच्यासमोर बोलताना आवाज खाली आणतात. आमच्या काकांचा हात अख्ख्या पेणमध्ये नावाजलेला, आणि स्वभावही. दोन केसांचा कुंचला, श्वास धरायचा, एक फटकारा; मग श्वास सोडायचा आणि सगळ्यांवर एकदा डाफरायचं.

त्या वर्षी मामाचा जीव रोह्याच्या ऑर्डरीत अडकला होता. रोह्याच्या बाजारातले एक शेट दर वर्षी आमच्याकडून ट्रकभर मूर्ती उचलायचे. कारखान्याचं अर्धं अधिक वर्ष त्या ट्रकवर चालायचं. आदल्या वर्षी वाटेत काही कान दुखावले, तेव्हा शेटनं पान चघळत मामाला ऐकवलं होतं, "पुढच्या टायमाला काय कमीजास्त झालं तर मी हमरापूरच्या कारखान्यातला माल बघीन हां." शेट गोड बोलणारा माणूस. गोड बोलणारी माणसं धमकी पाळतात. त्यामुळे मामा रोज येऊन रोह्याच्या फळ्यांपुढे उभा राहायचा, हात मागे बांधून, वॉर्डातल्या डॉक्टरसारखा.

आणि डॉक्टरवरून आठवलं. सगळं तिथंच बिघडलं.

पुस्तकातला डॉक्टर साधा, अडखळत बोलणारा, बिचारा माणूस आहे. पण नुसतं वाचून दाखवलं तर कारागीर जांभया द्यायचे. मग मी आवाज लावायला सुरुवात केली. पुतण्याला सिगारेटचा आवाज, वकिलाला दमा. डॉक्टर पुस्तकात फक्त 'हसला', एवढंच होतं. मी त्याला 'हं हं हं' असं नाकातून हसायला लावलं. कारखाना एकदम थांबला.

"त्यो डागदर काय सरल नाय," पितांबर रंगवणारी मावशी म्हणाली. ती खाडीकडच्या गावची. मिठागरावरचं काम संपलं की पावसाळ्यात आमच्याकडे यायची.

"गप गो," काका म्हणाले. "पुढं वाच रे. पण तसाच हस."

हसलो. रोज हसलो. दाद मिळायला लागली की माझं भान सुटतं. डॉक्टर आला की मी उठून उभा राहायचो, शाडूचा गोळा औषधाच्या बाटलीसारखा हलवायचो. आणि बहीण? तिचा प्रत्येक प्रवेश अर्ध्या वाक्याचा. ती दिवा लावते. ती चहा ठेवते. ती ओसरीवर देवाच्या तसबिरीसाठी अबोलीचा हार गुंफत बसलेली असते. दर दोन पानांनी तो हार. मला कंटाळा आला. हाराची वाक्यं मी सरळ गाळायला लागलो. तेवढ्या वेळात डॉक्टर एकदा जास्त हसायचा.

हळूहळू कारखान्याला चैन पडेनासं झालं. मावशी दुधाचा चहा घेईना, काळा घ्यायची. घासकाम करणारे दोघे डबा एकमेकांसमोर उघडायचे नाहीत. जेवणाच्या सुट्टीत गावातले खरे डॉक्टर सायकलवरून रस्त्यानं गेले, तर सगळ्यांनी माना वळवून त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी मामाला विचारलं, "तुमच्या माणसांना साथ वगैरे आली आहे का?" काकांचा उजवा पाय बसल्या जागी हलायला लागला. फटकारा मारताना तेवढा थांबायचा, मग पुन्हा सुरू. डोळे आखता आखता ते माझ्याकडे तिरपे बघायचे, म्हणायचे, "बोल. तो काय करतोय आता?" आणि माझ्या पोटातला खेकडा चालायला लागायचा.

रोह्याच्या मूर्ती अशा वातावरणात पुऱ्या झाल्या. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. वाटणार कसं? आम्ही सगळेच त्या नजरेनं बघत होतो.

शेवटचं प्रकरण राहिलं असताना शेटचा ट्रक आला. ड्रायव्हर आत आला, पाणी प्यायला, खांबाशी माझ्या हातातलं पुस्तक बघून थबकला.

"आयला, ह्याचा पिक्चर लागलाय की आमच्याकडे! हिंदी. पाटीवर लिवलंय, मराठीतल्या गाजलेल्या कादंबरीवरनं. काल बघितला. त्यो डॉक्टरनंच..."

"ए!" काका ओरडले, पण उशीर झाला होता.

"...मारलेला असतोय," ड्रायव्हरनं वाक्य पुरं करून मगच तोंड मिटलं.

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. शेवट फुटला होता, पण चुकीचा फुटला होता. म्हणजे खरा शेवट अजून शाबूत होता, नुसता झाकून ठेवायचा होता. पण समोरचा चुकीचं सांगतोय आणि आपल्याला बरोबर ठाऊक आहे, ही माझ्यासारख्याला न सोसणारी अवस्था.

"छट्! डॉक्टर कुठला? बहिणीनं मारलंय!"

घासकाम करणारे दोघे घासायचे थांबले.

मावशीनं हातातला कुंचला बादलीत टाकला. "इतकं दिवस आयकवलंस आन् आसं सांगतंस? बादलीतला रेडिओ बरा होता."

काकांना मी शेवट फोडल्याचा राग नव्हता. त्यांना पटतच नव्हतं. "ती? ती बाय तर कुठंच नाय पुस्तकात. डॉक्टरच. पिक्चरवाले एवढा पैसा घालून खोटं दाखवतील?"

"काका, पुस्तक आधी लिहिलंय."

"मग लिवणाऱ्याचं चुकलं असंल. त्यांनी दुरुस्त केलं." त्यांनी कुंचला पुसून डब्यात ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं. पेणच्या गिऱ्हाइकांच्या मूर्ती अजून बिनडोळ्यांच्या बसल्या होत्या. "मी रोह्याला येणार. बघितल्याशिवाय मला डोळा सुधरायचा नाय."

मामानं एकदा काकांकडे, एकदा त्या आंधळ्या फळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या नजरेचं वर्णन करत नाही. पण ट्रकमध्ये पेंढ्यावर, मूर्तींना टेकू म्हणून, मला बसवण्यात आलं.

वडखळ, नागोठणे करत आम्ही रोह्याला पोचलो. मूर्तींची तोंडं कापडानं बांधलेली. माझ्या मांडीवर दोन, पाठीशी चार. खड्डा आला की सगळ्यांना मिठी मारायची. शेटच्या गोदामात माल उतरला. शेट कुठं बाहेर गेलेले. मामा कापडं सोडायला बसला, आणि काकांनी माझ्या बाहीला हिसका दिला. आम्ही दुपारच्या खेळाला सटकलो.

टॉकीजच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की अर्धे संवाद देवाला ठाऊक. पण मला ऐकायची गरजच नव्हती. सुरुवातीपासून मी काकांना समजावत होतो.

"हा वकील. पण पुस्तकात म्हातारा आहे. दमेकरी."

पडद्यावर वकील मोटारसायकलवरून आला. उतरल्या उतरल्या बागेत जाऊन त्यानं पुतण्याच्या बहिणीबरोबर गाणं म्हटलं. पुस्तकात पुतण्याला बहीण नाही. पडद्यावरच्या वकिलाला दमाही नाही. 'बसू का?' असं तो कुणालाच विचारत नव्हता. टेबलावर एक बूट ठेवून विचारपूस करत होता. मी इतका चुळबुळत होतो की पुढचा माणूस वळून म्हणाला, "भाऊ, मुंग्या चावतायत काय?"

"ह्यांनी सगळं बदललंय हो!"

"मग तुमचं तुमी घरी बघा की!"

डॉक्टर आला. काळा चष्मा, हातात सिगार. आणि तो हसला. हं हं हं, नाकातून. माझ्या अंगावर काटा आला. तो माझा डॉक्टर होता! लेखकाचा नव्हे, माझा, पेणच्या खांबाला टेकून हसणारा. काकांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "बघ! तसाच हाय! अगदी तू वाचलास तसा!"

मी काही बोललो नाही. तो त्या दिवसातला माझा पहिला शहाणपणा.

मग न्यायाधीशांची बहीण आली. पुस्तकात तिला चेहरा नाही. लेखकानं तो मुद्दाम दिलेला नाही. घरातल्यांचं तिच्याकडे लक्ष जात नाही, तसं वाचणाऱ्याचंही जात नाही, आणि ती त्या दुर्लक्षाच्या आडोशाला बसून सगळं करते. पण पडद्यावर आडोसा कुठून आणणार? तिथं ती आली ती मोटारीएवढ्या चेहऱ्यानं. आणि चेहरा कुणाचा, तर जन्मभर पिक्चरांतून आईचीच कामं केलेल्या एका नटीबाईंचा. नुसत्या दारात उभ्या राहिल्या तर बायकांच्या बाकावरून 'च्च च्च' असा आवाज आला. ह्या बाईंच्या हातून खून करवला असता तर रोह्यातल्या लोकांनी पडदा फाडला असता. दिग्दर्शकाला ते कळत होतं. म्हणून पुस्तकातल्या हाराऐवजी पुरावा म्हणून एक सिगारेट पेटवायचा लायटर सापडला, त्यावर डॉक्टरच्या नावाचं अक्षर, मारामारी, आणि डॉक्टर कड्यावरून खाली. शेवटी बहीण मेलेल्या भावाच्या तसबिरीपुढे उभी राहते आणि मोटारसायकलवाल्या वकिलाला 'बेटा' म्हणते. तिचे डोळे भरतात, पण गळत नाहीत. बराच वेळ नुसते भरलेले राहतात.

मी 'काय हा फालतूपणा' म्हणायला काकांकडे वळलो. काका रडत होते. पेणमध्ये सगळ्यांवर डाफरणारा माणूस टोपी तोंडावर धरून रडत होता.

बाहेर आलो तर पायरीवर मामा. भिजलेला. छत्री बंद करून हातात काठीसारखी धरलेली.

"चला," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यांनी काय केलंय बघायला चला."

गोदामात सगळ्या मूर्तींची तोंडं सोडलेली होती. आम्ही दारात आलो आणि त्या सगळ्यांनी एकदम आमच्याकडे बघितलं. तिरपं. सगळ्यांची बुबुळं कोपऱ्यात, वरची पापणी जराशी उतरलेली, जसं काही आम्ही आत यायच्या आधी कुठं होतो हे त्यांना विचारायचं होतं. पेणमध्ये रोज पाहिलेल्या मूर्ती. पण त्या आईचे डोळे बघून आल्यावर ह्यांच्यासमोर उभं राहवेना.

शेट खुर्चीवर बसले होते, पान न खाता. "मामा," ते शांतपणे म्हणाले, "ह्या बाप्पाला माझा संशय आलाय काय?"

मामा सोडलेल्या कापडांच्या घड्या घालायला लागला.

"एक बाई बघून गेल्या आत्ताच. दर वर्षीचं गिऱ्हाईक. म्हणाल्या, 'शेट, ह्याच्यापुढं आरती म्हणायची का जबानी द्यायची?' आता सांगा, मी काय सांगू? ट्रक रिकामाच उभा हाय. घेऊन जा. मी हमरापूरला माणूस पाठवतो."

मामानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. एवढंच. हे कुणाचं काम आहे ते मला आत्ताच, टॉकीजमध्ये, डॉक्टर नाकातून हसला तेव्हा कळलं होतं.

"शेट, मी..." मी सुरुवात केली.

"तू गप!" मामा आणि काका एकदम म्हणाले.

काका मूर्तींपुढे जाऊन उभे राहिले. एकीपुढे बसले, खाली वाकून तिच्या नजरेत नजर घालून बघितलं आणि स्वतःच जरा मागे सरले. मग त्यांनी खिशातला कुंचल्यांचा डबा काढला. हा माणूस पिक्चरला जाताना पण डबा घेऊन गेला होता.

"शेट, पांढरा रंग मागवा. आन् शेगडी. उद्या संध्याकाळपर्यंत दम धरा. नाय पटलं तर मी स्वतः ट्रकात भरून देतो."

शेटनं मामाकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग रंग मागवला.

सगळ्या डोळ्यांवर पांढरा फिरला. मूर्ती पुन्हा माती झाल्या. पावसाळी हवेत रंग सुकेना, म्हणून मी शेगडी घेऊन एकेका तोंडापुढे धरून बसलो. एका मूर्तीची सोंड जरा भाजली, ती मी भिंतीकडे वळवून ठेवली. मामानं ती दहा मिनिटांत शोधली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका बसले. पाय हलत नव्हता. मध्येच म्हणाले, "काहीतरी वाच की रे." मी पिशवीत हात घातला. मामानं पिशवी ओढून घेतली आणि तिच्यावरच बसला.

"शेवटचं प्रकरण विसर्जनानंतर," तो म्हणाला. "आणि तोंड उघडलंस तर तुझंही विसर्जन."

काकांनी शेवटी गुणगुणायला सुरुवात केली. बागेतलं गाणं. बेसूर.

संध्याकाळी शेटनं कालच्या त्या बाईंना निरोप पाठवला. त्या आल्या, चपला काढल्या, पहिल्या मूर्तीपुढे उभ्या राहिल्या. मामानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही वळ होते. बाई बघत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि काही न बोलता हात जोडले. शेटनं पानाचा डबा उघडला.

जाता जाता बाईंची नजर शेगडीपाशी उकिडव्या बसलेल्या माझ्यावर गेली. "हा कोण हो?" त्या म्हणाल्या. "हा मात्र अजून तसाच बघतोय."

परतीच्या ट्रकमध्ये मी पुढे, मामा आणि काकांच्या मध्ये. निडीचा फाटा गेल्यावर काका म्हणाले, "पोरा, एक खरं सांग. पुस्तकात पण डॉक्टरच ना? परवा तू आपला रागात बोललास. असं डोळं असलेली बाय खून करंल?"

पेणच्या मूर्ती फळीवर वाट बघत होत्या. मामाचा बूट माझ्या पायावर आला आणि तिथंच राहिला. खेकडा पोटातून गळ्यापर्यंत चढला. वडखळ येईपर्यंत मी खिडकीतून बाहेरची भाताची खाचरं बघत बसलो. एवढं गप्प मी त्याआधी शाळेत तोंडी परीक्षेलाच बसलो होतो.

"पिक्चर छान होता, काका," मी शेवटी म्हणालो.

"व्हय की नाय?" काका खूश झाले. पेणच्या मूर्तींचे डोळे त्या वर्षी असे झाले की लोक नुसते बघायला यायचे.

अनंत चतुर्दशीनंतर कारखाना रिकामा झाला. फळ्या धुतल्या, साचे वर ठेवले, आणि सगळे खांबाभोवती बसले. मामाही. मी शेवटचं प्रकरण वाचलं. आवाज न लावता, जसं लिहिलंय तसं. दमेकरी वकील स्वयंपाकघरात जातो, 'बसू का?' विचारतो, पाटावर बसतो, आणि न्यायाधीशांच्या बहिणीला म्हणतो, की खुनाच्या दिवशी आपण तापानं अंथरुणावर होतात, असं आपणच सांगितलंत. मग तसबिरीला त्या दिवशीचा ताजा अबोलीचा हार कुणी घातला?

"कसला हार?" काका म्हणाले.

मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

"थांब. हार कुठला? हार तू वाचलासच नाय."

"आवो, हार कदी आला?" मावशी म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पानं मागे उलटली आणि गाळलेलं एकेक वाचून दाखवलं. ती ओसरीवर हार गुंफत होती. डॉक्टर आले तेव्हा तिनं हार बाजूला ठेवला. पुतण्या भांडत असता तिचे हात थांबले नाहीत. एवढी पानं, आणि प्रत्येक ठिकाणी ती होती. माझं वाचन सोडून सगळीकडे. वाचता वाचता माझाच आवाज बारीक झाला. पिक्चरवाल्यानं हार काढून लायटर घातला म्हणून मी टॉकीज डोक्यावर घेतली होती. मी तर तो पेणमध्ये त्याच्याही आधी काढला होता, आणि बदल्यात लायटरसुद्धा दिला नव्हता.

"म्हंजे," काका सावकाश म्हणाले, "रोह्याच्या घराघरांतल्या बाप्पाला मी खुनी बाईचं डोळं घातलं?"

मी पुस्तक मिटलं.

"काका, पण ते सगळे विसर्जनाला कुंडलिकेत गेले," मी म्हणालो. "पुरावा राहिला नाही."

मावशी आधी हसली. मग मामा. काका हसले नाहीत; पण पाय हलायला लागला.

पुढच्या वर्षी आषाढात शेटचा निरोप आला. ऑर्डर गेल्या वर्षीपेक्षा मोठी. हमरापूरचं नावही नाही. एकच अट: डोळे तेच पाहिजेत. काका बसले, श्वास धरला, आणि कुंचला खाली ठेवला. दोनदा, तीनदा. "येत नाय. ती समोर आली की तो हार पण येतो." मामा दारात उभा, हात मागे बांधून. तो पिक्चर तेव्हा पेणला नव्हता, रोह्याला नव्हता, मी एस.टी.नं पनवेलपर्यंत जाऊन भिंतीवरचे कागद बघून आलो, कुठंच नव्हता.

मामानं मला पुन्हा खांबाशी बसवलं. ह्या वेळी पुस्तकाशिवाय.

मी पिक्चर सांगायला घेतला. मोटारसायकल, बाग, गाणं म्हटलं, मावशीनं कानावर हात ठेवले. डॉक्टर नाकातून हसला. कडा आला, डॉक्टर खाली गेला. मग मी ती तसबीर सांगितली, ते 'बेटा' सांगितलं, ते भरलेले डोळे सांगितले; आणि अबोलीचा हार जिभेवर आला असताना गिळून टाकला. काकांनी श्वास धरला.

"गळत नाहीत," मी म्हणालो. "नुसते भरलेले आहेत, काका. तसेच राहू द्या."